पेट्यांतून आलेलं घर

बाबा,

तुमचं घर सापडलं. पर्वतीजवळच्या दोन खोल्या म्हणत नाही मी. त्या विकल्या, आणि आता तिथं उभ्या असलेल्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या जिममध्ये लोक जागच्या जागी धावायला येतात. मी म्हणतेय ते दुसरं, इंग्लंडमधलं जुनं घर, जे तुम्ही रविवारी सकाळी आपल्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूनं काढायचात. ते आता इंग्लंडमध्ये नाही. न्यू जर्सीत आहे. पिस्कॅटवेच्या ज्या अपार्टमेंटमधून मी तुम्हाला दर आठवड्याला फोन करायची, तिथून गाडीनं तासाभरावर. वाटेत एक मॉल लागतो. त्या मॉलपर्यंत मी कितीतरी वेळा गेले आहे, परत करायच्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन. मॉलच्या पुढं कधी गेले नाही, कारण पुढं काही नाही हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. एवढ्या उशिरा आलेलं काम तुम्ही तुमच्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांकडून कधी घेतलं नाहीत. "सबमिशन झालं, आता घरी लावा भिंतीवर," म्हणायचात. तसं समजा. भिंतीवर लावण्यापुरतंच लिहितेय.

आठवतं का, की तुमच्याकडे आता आठवायची सोय नाही? आईचा स्वयंपाक उरकलेला, फरशी पुसायची बाकी, या दोन्हींच्या मध्ये तुम्हाला जो वेळ मिळायचा तो तुमचा. तुम्ही लेंगा गुडघ्यापर्यंत ओढून खाली बसता. शहाबादी फरशीच्या रेघा तुम्हाला ग्राफ पेपरसारख्या उपयोगी पडतात. ओट्यापासून दारापर्यंत मोठा हॉल. ओट्याच्या बाजूला उंच चौथरा, तिथं घराचा मालक जेवायला बसतो. "मालक बसतो तिथं मी उभी असते, हे घाला तुमच्या लेक्चरात," आई म्हणते. तुम्ही न ऐकल्यासारखं करून खिडकी काढता. मग मला बाहेर पाठवता आणि सांगता, आता आत ये. मी धावत सरळ हॉलमध्ये येते. "चूक," तुम्ही म्हणता. "भिंतीतून आलीस. परत जा." त्या घरात दारातून थेट हॉलमध्ये येता येत नाही. दार उघडलं की एक अरुंद बोळ लागतो, एका बाजूला कोरीव लाकडी आडोसा, त्याला वळसा घालून मगच हॉल दिसतो. मी पुन्हा जाते, दारातून येते, बोळात थांबते, वळते. तुम्ही ओट्याला टेकून उभे असता, सरदारासारखे, हातात खडू. "हां. आता आलीस घरी." आणि आई ओलं फडकं घेऊन म्हणते, "झालं असेल तर इंग्लंड पुसून घेते."

त्या आडोशाचं तुम्हाला एवढं वेड की तुम्ही आपल्या पुढच्या खोलीत प्लायवूडचा एक उभा केलात. सव्वीस इंच रुंदीच्या बोळातून आपण सगळे आडवे होऊन घरात शिरायचो. गॅसवाल्यानं पहिल्याच दिवशी सिलिंडर खाली ठेवून विचारलं, "साहेब, हे मधेच कशाला?" तुम्ही त्याला सोळाव्या शतकापासून सांगायला घेतलंत. त्यानं पुढच्या वेळेपासून सिलिंडर जिन्यातच ठेवायला सुरुवात केली. आईनं ती फळी तोडायची धमकी दर दिवाळीला दिली. तुम्ही म्हणायचात, बाहेरचा वारा थेट आत येता कामा नये, आणि बाहेरून आलेल्या माणसाला तोंड नीट करायला दोन पावलं मिळाली पाहिजेत. मला ते तेव्हा फार विनोदी वाटायचं. पुढं मी विनोदावरच पोट नाही तरी नाव चालवलं. अमेरिकेतल्या मराठी माणसांची टर उडवणारे लेख मी लिहिते आणि तीच माणसं तिकीट काढून ते ऐकायला येतात. माझ्या पहिल्याच लेखात एक प्लायवूड होतं. तुम्ही वाचलात आणि मापं चुकली आहेत असं कळवलंत.

तुम्ही कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकातून सांगितलेला घराचा इतिहास मला पाठ होता. एका लोकरीच्या व्यापाऱ्यानं मेंढ्यांच्या जिवावर हॉल बांधला. त्याच्या नातवाला काच परवडायला लागली, म्हणून त्यानं भिंतीभर खिडक्या केल्या. त्याच्या नातवाला दोन्ही परवडेनासं झालं, म्हणून त्यानं मोठ्या घरातली मुलगी केली आणि सासऱ्याच्या पैशांनी वरच्या मजल्यावर लांबच लांब गॅलरी काढली, कशासाठी, तर पाऊस असेल तर घरातल्या घरात चालायला. "श्रीमंतांची शतपावली," तुम्ही म्हणायचात. मग कोणीतरी जुन्या विटांसमोर नवा दगडी दर्शनी भाग चढवला, सगळ्या खिडक्या एका रेषेत, आणि मागचं वेडंवाकडं घर तसंच ठेवलं. "पुढून नियम, मागून माणसं." हे वाक्य तुमचं आवडतं. गोष्ट इथं संपायची. पुढं काय झालं, मी विचारायची. तुम्ही म्हणायचात, पुढं काय, उभं आहे.

मग मी इकडं आले. आई गेली. आणि त्यानंतर मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी होती: तुम्ही माझ्या घरी यावं. बाकी कशाचा हट्ट मी केला नाही. मी दोन वर्षांतून एकदा पुण्याला येत होते, तुमच्या प्लायवूडला खांदे घासत होते, पण तुम्ही माझं दार उघडून कधी आला नाहीत. सुरुवातीला "येतो, येतो" म्हणत होतात. पासपोर्टही काढलात. फोनवर माझ्या अपार्टमेंटचा प्लॅन विचारायचात. "दार उघडल्यावर काय दिसतं?" मी सांगायची, सोफा, टीव्ही, किचन, सगळं एकदम. "वाईट," तुम्ही म्हणायचात, "मी आल्यावर बघू." आणि एका उन्हाळ्यात अचानक सूर बदलला. म्हणालात, "मी आधी इंग्लंडला जाणार. ते घर बघणार. मग तुमची अमेरिका. म्हातारपणी माणसानं क्रम चुकवू नये."

त्या क्रमात मी दुसरी होते, बाबा. मुलगी दुसरी, दगड पहिले. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. माझी तोंड वाजवायची पद्धत वेगळी. मी दर रविवारी विचारायची, "काय म्हणते राणी? आमंत्रण आलं का?" तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, "तिच्याकडे सध्या गडीमाणसं कमी आहेत, घर आवरलं की बोलावते." आपला हा विनोद पाच वर्षं चालला. मग तुमच्या छातीत दुखलं, आणि मी पोचले तेव्हा शेजारच्या काकूंनी बोळात चपला नीट लावून ठेवल्या होत्या, लोकांना आत शिरायला जागा हवी म्हणून.

आता या ऑक्टोबरातलं सांगते. मी हल्ली श्रूजबरीला असते, मॅसॅच्युसेट्समध्ये. पिस्कॅटवेच्या मंडळींनी माझा कार्यक्रम ठेवला होता. ज्याच्याकडे उतरले, तो तुमचा विद्यार्थी निघाला. तुमच्या शेवटच्या बॅचमधला, आता त्याचेही केस पांढरे होत आलेत. हॉस्पिटलांची ड्रॉइंग्ज करतो. "आख्खं करिअर ताई, 'स्ट्रेचर वळेल का' यातच गेलं," म्हणाला. तुमच्याबद्दल फार बोलला नाही, ते मला जरा लागलं. रविवारी सकाळी बायकोला म्हणाला, ताईंना जरा फिरवून आणतो. बायको म्हणाली, "त्या म्युझियममध्ये? परत?" त्यावर त्यानं चावी उचलली. मी गाडीत बसल्यावर म्हणाला, "एक घर आहे. तुम्ही काही विचारू नका, फक्त बघा."

मॉल मागं पडला. मग झाडं, मग एक भलंमोठं लोखंडी गेट, आणि गेटच्या आत पार्किंग लॉट. पार्किंगसमोर दगडी दर्शनी भाग, सगळ्या खिडक्या एका रेषेत. मला काहीच वाटलं नाही. या देशात बँकासुद्धा असल्या दिसतात. आत जायच्या आधी गाइडनं आम्हा दहा-बारा जणांना दाराशी उभं केलं. छान पोरगा होता, कुठल्याशा कॉलेजात नाटक शिकणारा असावा. "एनीबडी बीन हिअर बिफोर?" कोणीच हात वर केला नाही. तुमच्या विद्यार्थ्यानंही नाही. मग दार उघडलं आणि मी आत गेले.

बोळ होता. डाव्या हाताला कोरीव लाकडी आडोसा, काळा पडलेला, त्यावर द्राक्षांचे वेल. माझे पाय माझ्या आधी थांबले. मग वळले. आणि समोर हॉल होता, ओट्यापासून दारापर्यंत, चौथरा जिथं पाहिजे तिथं, खिडकी जिथं पाहिजे तिथं. बाबा, मी त्या खोलीत खाली बघितलं. खडूच्या रेघा शोधल्या मी. पन्नाशी ओलांडलेली बाई, मागं दहा अमेरिकन ताटकळलेले, आणि मी फरशीकडे बघत उभी.

गाइड सांगत होता ती तुमच्या गोष्टीच्या पुढची गोष्ट होती. पहिल्या महायुद्धात घरातले मुलगे गेले, कर वाढले, नोकर मिळेनात, छत गळायला लागलं. शेवटच्या वारसानं घर पाडून सामान विकायला काढलं. इकडच्या एका बटणांच्या कारखानदाराला त्याचा सुगावा लागला. त्याला जुनं व्हायचं होतं आणि वाट बघायला वेळ नव्हता. त्यानं हॉल घेतला, आडोसा घेतला, जिना, लांब गॅलरीचं छत, समोरचा दगडी चेहरा घेतला. प्रत्येक दगडावर, प्रत्येक तुळईवर आकडा घालून, गवतात गुंडाळून, पेट्यांत भरून जहाजानं आणलं. जिन्याखाली वाकून बघितलं तर ते आकडे अजून दिसतात. मागचं घर, म्हणजे स्वयंपाकघर, नोकरांचा जिना, गडीमाणसांच्या खोल्या, हे त्यानं आणलंच नाही. ते तिथंच पाडलं. त्याऐवजी इथं मागं सहा न्हाणीघरं बांधली आणि घराला बायकोचं नाव दिलं. पुढून नियम, मागून नळ. मालक बसतो तो चौथरा आला, बाबा. आई उभी असते ती जागा नाही आली. इकडं आलेल्या आमच्यापैकी प्रत्येकानं बॅगा भरताना हेच केलंय, पण आमच्या बॅगांना कोणी तिकीट काढून बघायला येत नाही.

टूर संपल्यावर आम्ही तिथल्या छोट्या कॅफेत बसलो. घोड्यांच्या जुन्या पागेत आहे तो. मला बोलायचा झटका आला होता. मला रडू येतं तेव्हा मी विनोदी बोलते, हे तुम्हाला माहीत होतं, त्याला नव्हतं. मी म्हणाले, "ग्रेट आहेत आमचे बाबा. कॉलेजच्या लायब्ररीतलं ते पहिल्या महायुद्धाआधीचं पुस्तक, पानं सुटलेलं. त्यात घर इंग्लंडात, म्हणून यांच्या मते अजून इंग्लंडात. आयुष्यभर इंग्लंड इंग्लंड करत बसले, आणि इंग्लंड इकडं पार्किंग लॉट बघत बसलेलं. आले असते तर एका तिकिटात दोन्ही झालं असतं, घर पण आणि पोरगी पण. एवढा मोठा प्रोफेसर, आणि पत्ता चुकीचा!"

तो कॉफीचा कप फिरवत होता. "ताई, असं नका बोलू."

"का? खोटं आहे?"

"सरांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हे घर इथं आहे ते. आम्हाला शेवटच्या लेक्चरला हेच शिकवायचे. पेट्या, आकडे, बटणवाला, सगळं. तुम्हाला नव्हतं सांगितलं. म्हणायचे, लहान मुलांना घर मोडल्याची गोष्ट सांगायची नसते, आणि नंतर सांगायचं राहून गेलं. मग तुम्ही पिस्कॅटवेला आलात आणि सरांनी नकाशात अंतर मोजलं. एवढे खूश झाले. म्हणाले, तिला वाटेल ती मला अमेरिका दाखवतेय. आणि मी तिला गाडीत बसवून म्हणणार, चल, इथून सरळ."

मी विचारलं, मग आले का नाहीत. त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं, जणू तुम्ही कुठंतरी उभे आहात.

"मी त्यांच्या मागेच होतो लाइनमध्ये. माझा स्टुडंट व्हिसा, त्यांचा व्हिजिटर, मुंबईला एकाच दिवशी इंटरव्ह्यू. पुण्याहून बसनं एकत्रच गेलो. बसमध्ये एक काका होते, त्यांनी सगळ्या बसचा क्लास घेतला. सरांना म्हणाले, मुलीचं नाव काढू नका. बायको नाही, नोकरी नाही, एकुलती एक पोरगी तिकडं. त्यांना वाटणार हा म्हातारा तिकडंच राहणार. फिरायला चाललोय म्हणा. सर म्हणाले, फिरायला कशाला, मला खरंच एक घर बघायचंय, तेच सांगतो."

"आणि सांगितलं?"

"सांगितलं ना! खिडकीतला माणूस म्हणाला, व्हाय आर यू गोइंग? सर म्हणाले, टु सी अ हाउस. तो म्हणाला, यू आर बाइंग अ हाउस? सर म्हणाले, नो नो, इट इज अॅन इंग्लिश हाउस. तो म्हणाला, सर, धिस इज द अमेरिकन काउंटर. मागं लाइन हसायला लागली. आणि मग सरांनी सुरूच केलं, ताई. त्या काचेवर. बोटानं. इथं दार, हा पॅसेज, इथून वळायचं, हा हॉल..." त्यानं टेबलावर बोट फिरवलं आणि थांबवलं. "मग त्या माणसानं फॉर्म बघितला. म्हणाला, यू हॅव अ डॉटर इन न्यू जर्सी. यू डिडन्ट मेन्शन हर."

पासपोर्ट परत, व्हिसा नाही. पाच मिनिटांनी त्याच खिडकीवर ह्याचा व्हिसा झाला. बाहेर येऊन तुम्ही त्याला चहा पाजलात आणि त्याचं अभिनंदन केलंत. तो म्हणाला, सर, परत करा अर्ज, दुसऱ्यांदा देतात पुष्कळांना. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यांदा जाऊन काय सांगू? की घर नको, मुलीला बघायचंय? मग ते म्हणतील पहिल्यांदा खोटं बोललात. आणि त्यांचं बरोबर असेल." आणि मग म्हणालात, तिला सांगायचं नाही. ती त्या देशात रोज सकाळी उठून कामाला जाते. तिच्या घरात हा वारा नको.

"मी शब्द दिला होता," तो म्हणाला. "आज मोडला. पण तुम्ही पत्ता चुकला म्हणालात, ते नाही सहन झालं."

मी त्याला म्हणाले, दगडांना व्हिसा मिळाला, बघ. तुळयांना मिळाला. द्राक्षांच्या वेलांना मिळाला. तो हसला नाही. त्याच्या व्हिसाला तुम्ही पाजलेल्या त्या चहाची चव होती, तो कसा हसेल.

बाबा, मी सगळे रविवार पुन्हा ऐकले. काय म्हणते राणी? आमंत्रण आलं का? आणि तुमचं ते हसणं. तुम्ही मुंबईहून त्या दिवशी परत आलात, कुलूप उघडलंत, आणि त्या सव्वीस इंची बोळात उभे राहिलात, हे मला आता दिसतं. आत कोणी नाही, आई भिंतीवर फोटोत, तरी तुम्ही तिथं दोन पावलं थांबता आणि तोंड नीट करता. मग वळता आणि फोन घेऊन मला सांगता की तुम्ही आधी इंग्लंडला जाणार. इंग्लंडएवढा मोठा देश तुम्ही मध्ये आडवा घातलात, मला वारा लागू नये म्हणून. मी तुमच्यावर पाच वर्षं रुसले, आणि तुम्ही गेल्यावर आणखी पंधरा. मला सांगितलं असतंत तर मी रडले असते, चिडले असते, वकिलांना फोन केले असते, तुम्हाला फरफटत दुसऱ्या खिडकीवर नेलं असतं. तेच तुम्हाला नको होतं, हे कळतं. कळलं म्हणून पटत नाही. तुमचं हे डिझाइन मला आवडलेलं नाही, एवढं भिंतीवर लिहून ठेवा.

श्रूजबरीचं आमचं घर ओपन कन्सेप्ट आहे. दार उघडलं की पार मागच्या अंगणापर्यंत सगळं दिसतं. परत आल्यावर मी पुस्तकांचं एक कपाट सरकवून दारासमोर आडवं लावलं. नवरा म्हणाला, "हे काय, फेंगशुई?" मुलगी कॉलेजातून आली, बॅग अडकली, म्हणाली, "मॉम, दिस इज अ फायर हॅझर्ड." मी दोघांना सोळाव्या शतकापासून सांगायला घेतलं. कोणी थांबलं नाही. कपाट आहे तिथंच आहे.

हे कुठं पाठवायचं, हा प्रश्नच नाही. तुमचा शेवटचा पत्ता मला माहीत आहे आणि तिथं आता लोक जागच्या जागी धावतात. घडी घालून त्याच कपाटात ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुमचा विद्यार्थी गाडी काढायला निघाला तेव्हा मी त्याला थोडं थांबायला सांगितलं आणि दुपारच्या टूरमध्ये एकटी पुन्हा शिरले. या वेळी गाइड एक वयस्कर बाई होत्या. दाराशी उभं करून त्यांनीही तेच विचारलं, आधी कोणी आलंय का इथं. मी हात वर केला. "अरे वा, कधी?" मी म्हटलं, लहानपणी. "तेव्हापासून काही बदललंय?" मी म्हटलं, फरशी. तेव्हा वेगळी होती. त्या जरा गोंधळल्या, पण माणूस चांगला, हसून म्हणाल्या, "शाळेबरोबर आला होतात?"

"नाही," मी म्हटलं. "वडिलांबरोबर. तेच घेऊन आले होते मला."